टपावरचं मुंडासं

तोटप्पा हूगारला पाण्याचा राग होता. डॉक्टर सांगायचे, दिवसभर घोट घोट पीत राहा. डॉक्टरांना काय, त्यांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला मोरी होती. तोटप्पा चालवायचा त्या बसगाडीत नव्हती. हुबळीहून गाडी धारवाडला न्यायची, धारवाडहून परत आणायची, मध्ये उतरायची सोय नाही. प्यायलं की लागायची, लागली की दाबायची. दाबून दाबून मूतखडा झाला. एक ऑपरेशन करून काढला. दुसरा डाव्या कुशीत तयार होत होता आणि प्रत्येक धक्क्याला आपली आठवण करून देत होता.

रस्त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. मधोमध बससाठी वेगळी वाट, दोन्ही अंगांना कठडा. थांबे त्या वाटेतच, गाडीच्या तळाइतके उंच, म्हातारीलाही पाय उचलावा लागू नये असे. पण चौकात कठडा संपायचा आणि लाल दिव्यापुढे माणसांनी भरलेली बस आणि एका माणसाची मोटार यांची किंमत सारखीच व्हायची. तिथं गेलेला वेळ कुणाच्या खिशातून जायचा? चालकाच्या. धारवाडला पोचल्यावर त्याला विसावा मिळायचा तो कागदावर. उशीर झाला की विसावा गेला. गाडी वळव आणि चल.

गणपती उठल्यावर प्रत्येक गाडीच्या टपावर नारळाएवढी पांढरी डबी बसवली. गाडी चौकाजवळ आली की डबी दिव्याला खबर द्यायची आणि दिवा बससाठी हिरवा व्हायचा. दिवाळीपर्यंत बघायचं, फायदा झाला तर ठेवायचं, नाहीतर काढून टाकायचं, असं ठरलं होतं. मोटारवाल्यांनी तेव्हाच ओरड सुरू केली होती. त्यांना थोडं जास्त थांबावं लागत होतं ना.

आणि खरंच गाड्या वेळेत पोचू लागल्या. तोटप्पा धारवाडला उतरायचा, संडासला जायचा, सावलीत बसून भाकरी आणि शेंगाचटणी खायचा, बाटलीभर पाणी प्यायचा. कूस हलकी झाली. घरी बायको म्हणाली, "हल्ली आल्या आल्या ओरडत नाहीस. बरं आहे ना?"

मग खंडेनवमी आली. डेपोत गाड्या धुतल्या, आरशांना केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं कोहळा फोडला. दरवर्षीचंच. पण या वर्षी तोटप्पाला वाटलं, ज्या डबीनं आपल्याला सुख दिलं तिची पूजा आधी व्हायला हवी. तो शिडी लावून टपावर चढला. डबीला विभूती लावली आणि पातळ पत्र्यासारख्या चंदेरी पत्रीचं फर्मास मुंडासं बांधलं. वारा लागून उडू नये म्हणून तारेनं आवळलं. काम करायचं तर पक्कं, हा त्याचा बाणा. खालून सगळे बघत राहिले. दुपारपर्यंत डेपोतल्या प्रत्येक डबीला मुंडासं चढलं होतं.

दसऱ्याला सोनं म्हणून बन्नीची पानं वाटून झाली आणि त्याच दिवसापासून दिवे लाल.

पहिल्या दिवशी तोटप्पानं मनातल्या मनात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तोंडानं दिल्या. उणकलच्या तळ्यापुढच्या चौकात तो लाल दिव्याकडे बघत उभा राहायचा आणि डाव्या अंगानं मोटारी सुळसुळ निघून जायच्या. त्याची खात्रीच पटली की मोटारवाल्यांनी वरून फोन फिरवले आणि कुणीतरी गुपचूप बटण बंद केलं. विसावा गेला. त्यानं पाणी पुन्हा तोडलं. चौथ्या दिवशी नवनगरजवळ कुशीत अशी कळ आली की थांब्यावर गाडी लावताच तो स्टिअरिंगवर वाकला.

पाळी संपताच तो दिव्यांच्या कचेरीत गेला. तिथं स्मिता बेटगेरी नावाची मुलगी पडद्यांपुढे बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे, तोटप्पाच्या मुलीएवढी असली तरी.

"अक्का, किती खाल्ले मोटारवाल्यांकडून?" तो दारातूनच म्हणाला.

"बसा तोटप्पण्णा."

"बसून बसूनच खडा झालाय. दिवे कुणी बंद केले, नाव सांग."

"दिवे चालू आहेत. तुमच्या गाड्याच बोलत नाहीत. एकसुद्धा नाही. मी चार दिवस डोकं फोडून घेतेय इथं. साहेब म्हणतात, यंत्र नापास झालं, दिवाळीची वाट कशाला बघायची."

"गाड्या बोलत नाहीत म्हणजे? डबी तर जागेवर आहे."

"दाखवा."

दोघं डेपोत आले. तिनं खालूनच वर बघितलं.

"हे काय गुंडाळलंय?"

"मुंडासं. पूजेचं."

"पत्री आहे ना ही? धातूची? अण्णा, तुम्ही तिचं तोंड बांधलंय. तिचा आवाज बाहेर यायचा कुठून?"

चार दिवस तोटप्पानं जगाला शिव्या दिल्या होत्या. आता त्या सगळ्या वळून एका माणसावर आल्या. तो शिडी आणायला गेला.

तार त्यानंच आवळली होती, आता त्यालाच सुटेना. पत्रीची धार बोटात घुसली. मुंडासं खाली फेकून तो उतरला आणि शिडी पुढच्या गाडीला लावली. तेव्हा दानप्पा मुळगुंद आडवा आला. दानप्पा डेपोतला सगळ्यात जुना चालक. त्याच्या शब्दाला मान होता.

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही. पूजेचं आहे ते. आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल."

"तोपर्यंत दिवाळी होईल आणि डबी काढून नेतील."

"नेऊ देत. डबी नव्हती तेव्हा आपण गाड्या चालवत नव्हतो?"

"चालवत होतो. आणि मुतत कुठं होतो, सांग या पोरांना. बाटलीत मुतत होतो, दानप्पा. सीटमागं बाटली ठेवून. तूही आणि मीही."

पोरं हसली. दानप्पा हसला नाही.

"देवाची थट्टा करतोस?"

"देवाला पत्री मी बांधली. देवानं मागितली नव्हती. अक्कल गहाण ठेवून मी बांधली आणि माझं बघून तुम्ही बांधली. आता सोडायलाही मीच दाखवू का? हातात पक्कड घ्या."

कुणी पक्कड घेतली नाही. तेव्हा तो एकटाच सुरू झाला. चढायचं, गुडघ्यावर बसायचं, तार कापायची, पत्री सोलायची, उतरायचं, शिडी उचलून पुढच्या गाडीला लावायची. कूस धरून आली की शिडीला डोकं टेकायचा आणि पुन्हा चढायचा. पारावर चहा पीत बसल्यासारखे सगळे बघत होते. तोटप्पानं कुणाला हाक मारली नाही. मदत मागायची त्याला सवय नव्हती, आणि त्या दिवशी कुणाचं तोंडही बघायचं नव्हतं. दिवस कलायला लागला तेव्हा दोघं जण मुकाट्यानं दुसरी शिडी घेऊन आले.

शेवटी दानप्पाची गाडी उरली. दानप्पा स्वतः वर चढला. मुंडासं सोडलं, कपाळाला लावलं, पिशवीत घातलं. खाली उतरून म्हणाला, "देवळात ठेवीन. तुझ्यासारखं धुळीत नाही टाकणार, नास्तिका."

सकाळी पहिल्याच फेरीला उणकलचा दिवा लांबूनच हिरवा झाला. तोटप्पाला आनंद झाला म्हणावं, तर तसा झाला नाही. चार दिवस फुकट गेल्याचा राग अजून उतरला नव्हता. पण तो पाणी प्यायला.

दिवाळी झाली. फायदा दिसला, डब्या राहिल्या. स्मिता अक्कानं डेपोत पेढे पाठवले. त्याच आठवड्यात डेपोच्या भिंतीवर नवं वेळापत्रक लागलं. गाड्या लवकर पोचतात, म्हणून प्रत्येक पाळीला एक फेरी वाढवली होती. धारवाडचा विसावा त्यात नावालाही उरला नव्हता.

तोटप्पानं ते दोनदा वाचलं आणि थेट डेपोच्या साहेबांकडे गेला.

"यात विसावा कुठाय साहेब?"

"गाड्या वेळेआधी पोचतात हो. तो वेळ रिकामा का घालवायचा? लोकांना जास्त गाड्या मिळतात, वाईट आहे का?"

"रिकामा नाही साहेब. त्या वेळात मी मुततो."

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "नीट बोला."

"यापेक्षा नीट येत नाही. लोकांना गाड्या द्या, मी नाही म्हणत नाही. माणसं वाढवा आणि द्या. दिव्यापुढं जात होती ती मिनिटं माझी होती. मोटारवाल्याकडून सोडवली ती तुम्हाला द्यायला नाही."

"वेळापत्रक वरून येतं, तोटप्पा."

"मग वर सांगा, खालचा चालक तुंबलाय."

नवं वेळापत्रक सोमवारी सुरू झालं. तोटप्पानं गाडी चोख चालवली. प्रत्येक थांब्यावर फलाटाला बोटभर अंतर ठेवून लावली, दारं मोजून उघडली, मोजून मिटली. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. धारवाडला पोचल्यावर उतारू उतरले. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि संडासकडे चालू लागला. घाई केली नाही. परत येऊन पायरीवर बसला, डबा उघडला.

मागं दानप्पाची गाडी येऊन उभी राहिली. वाट एकच, पुढं जाता येईना. त्यानं भोंगा वाजवला, मग खाली उतरला.

"बिघडली का?"

"नाही."

"मग?"

"जेवतोय."

दानप्पानं त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "मेमो देतील तुला."

"देऊ देत. तू जाऊन ये आधी. तोंडावर दिसतंय तुझ्या."

दानप्पा क्षणभर घुटमळला. मग शिवी हासडून संडासकडे निघाला. जाताना आपल्या गाडीत हात घालून त्यानंही इंजिन बंद केलं.

तोटप्पाचा फोन वाजला. कचेरीतून कुणाचा तरी नवा आवाज होता. "दोन गाड्या उभ्या दिसतायत धारवाडला. चालक कुठं आहेत?"

"एक जेवतोय," तोटप्पा घास चावत म्हणाला. "दुसरा आत गेलाय. झालं की निघतील."

"झालं की म्हणजे? किती वेळ?"

"ते तुमच्या पडद्यावर दिसायचं नाही," तो म्हणाला. फोन त्यानं पायरीवर पालथा ठेवला आणि बाटलीचं झाकण फिरवलं.