पाठीकडून आलेल्या किरणांची तूट

नाशिकमधल्या आमच्या इस्पितळात किरणोपचाराचं नवं यंत्र आलं, तेव्हा उद्घाटन आधी झालं आणि तपासणी नंतर. फीत कापायला मंत्री लागतो, मोजमापाला फक्त मी. कोणत्या रुग्णाला कुठून किती किरण द्यायचे, हे गणित तिथला भौतिकशास्त्रज्ञ म्हणून माझ्याकडे होतं.

त्या यंत्रावरची पहिली रुग्ण निफाडकडची, द्राक्षबागेत राबणारी पन्नाशीची बाई. गाठ फुफ्फुसाला लागून. यंत्राबरोबर आलेलं सॉफ्टवेअर माणसाला पाण्याचा माठ समजायचं. फुफ्फुसात हवा असते हे त्याला फारसं पटलेलं नव्हतं. म्हणून मी स्वतंत्र सिम्युलेशन चालवलं. त्यात कोट्यवधी किरण एकेक करून सोडायचे, प्रत्येक कुठे धडकेल, कुठे वळेल हे फासे टाकल्यासारखं ठरवायचं आणि शेवटी गाठीत किती ऊर्जा उतरली ते पाहायचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तीन दिवस पुरले असते. लोडशेडिंगसकट पाच लागले.

मग पडताळणी. मेणाची छाती ओतली, फुफ्फुसांच्या जागी वखारीतला भुसा भरला, मधोमध मोजणीचं उपकरण ठेवलं. समोरून सोडलेले किरण सिम्युलेशनशी तंतोतंत जुळले. पाठीकडून, म्हणजे टेबलाखालून सोडलेले, शंभराला पाचने कमी भरले.

"तुमचे फासे चुकले," विभागप्रमुख डॉक्टर म्हणाले. "पाच टक्के वाढवा आणि सोमवारी सुरू करा. बाई दोन आठवडे धर्मशाळेत बसून आहेत."

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं. गाठ आमच्यासाठी थांबणार नव्हती. पण तुटीचं कारण उद्या आपोआप नाहीसं झालं, तर वाढवलेले पाच टक्के बाईच्या पाठीच्या कण्यात जाणार होते.

"सोमवारपर्यंत कारण शोधतो," मी म्हणालो.

"आणि नाही सापडलं तर?"

"तर कागदावर सही तुमची."

शनिवारी सकाळपासून मी प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासली. चूक सापडेना. राहता राहिलं टेबल. कंपनीच्या नकाशात त्याच्या मधोमध नुसती ताणलेली जाळी होती. खालून येणारे किरण अडू नयेत म्हणून. मीही तसंच धरलं होतं. दुपारी फरशीवर उताणा झोपून वर पाहिलं. जाळीतून गादी दिसायला हवी होती. दिसला पाऊण इंची प्लाय.

"सर, तो उद्घाटनाचा," आमचा तंत्रज्ञ म्हणाला. "मंत्रीसाहेब फोटोला टेबलावर बसणार होते ना! त्यांच्या वजनाने जाळी गेली असती."

"टाकायला कोणी सांगितलं?"

त्याने नुसतं डॉक्टरांच्या केबिनकडे पाहिलं.

प्लाय काढला, पुन्हा मोजलं. आकडा सिम्युलेशनच्या आकड्याशेजारी असा येऊन बसला, की मी कामावर पहिल्यांदाच शीळ घातली. ती ऐकून डॉक्टर आले. आकडे पाहिले, प्लाय पाहिला, आणि तो स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवला. एवढ्या मोकळ्या मनाची कबुली मी भाषणात कधी ऐकलेली नाही.

सोमवारी बाई टेबलावर झोपल्या.

"सायेब, हे लय दबतंय. पडनार नाय ना मी?"

"नाही पडणार, मावशी."

"आन् किरणं बराबर जागेवर जात्यात?"

"बरोबर गाठीवर, आणि हवी तेवढीच."

असं मी आधीही पुष्कळांना सांगितलं होतं, धीर द्यायला. त्या दिवशी मी बाईंना मोजलेली गोष्ट सांगत होतो. बाहेर येऊन जाडजूड दार लावून घेतलं आणि तंत्रज्ञाला म्हणालो, "दाब बटण."