पालीची साक्ष

पुण्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुना झाडू फक्त पालींसाठी राखून ठेवलेला असे. त्याने केर काढायचा नाही, असा आईचा नियम होता. शिवाय प्रत्येक ट्यूबलाइटच्या मागे मोरपीस खोचलेलं, कारण मोरपिसाला पाल घाबरते म्हणे. पाली त्याच मोरपिसाच्या आडोशाला बसून आरामात किडे खायच्या, हा भाग वेगळा. अशा घरात वाढलेला मी योकोहामाच्या एका भल्यामोठ्या हॉलबाहेर, पाली बघायला, तिकीट काढून रांगेत उभा होतो. सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली खुद्द आई.

सरपटणाऱ्या आणि दुर्मीळ प्राण्यांचं हे प्रदर्शन होतं. ‘सहकुटुंब या’ असं जाहिरातीवर लिहिलं होतं आणि शेजारी हसऱ्या सापाचं चित्र होतं. मुलीला पाल हवी होती. मांजर किंवा कुत्रा नव्हे, कारण आमच्या इमारतीत त्यांना बंदी आहे. पिंजऱ्यात मावेल ते चालतं. नियमांतून वाट काढायचं हे कौशल्य तिला माझ्याकडून मिळालं की शाळेतून, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पालीचा आग्रह ती वर्षभर धरून बसली होती आणि मी वर्षभर ‘बघू’ म्हणत होतो. त्या रविवारी मात्र मी स्वतःहून म्हणालो, ‘चला, पाल बघायला जाऊ.’ बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिचा सगळा विचार वाचता आला.

तिचा संशय बरोबर होता. मी पळ काढत होतो.

तो मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही तोयोसुच्या एका उंच इमारतीत राहत होतो आणि मुलगी रांगायलाही लागली नव्हती. इमारत झाडासारखी हलली, आम्ही वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी फोन लागल्यावर आई रडत म्हणाली, ‘पुरे झालं ते जपान. परत या.’ मी म्हणालो, दोन वर्षांत येतोच. त्यानंतर ‘दोन वर्षांत येतोच’ हे वाक्य आमच्या घरात मुदत न राहता फोन ठेवण्याची पद्धत होऊन बसलं. लोक ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, मी ते म्हणायचो. आई मात्र ते खरं धरून चालली होती. माझी जुनी स्कूटर तिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये आच्छादन घालून जपली होती. दर रविवारी खाली जाऊन ती बटण दाबायची, जरा वेळ फुरफुर करू द्यायची आणि बंद करायची. बॅटरी उतरू नये म्हणून. तिला स्वतःला स्कूटर चालवता येत नाही.

प्रदर्शनाला गेलो त्या वर्षी आम्हाला जपानमध्ये कायमचं राहण्याचा परवाना मिळाला आणि मुलीचं पुढचं शिक्षण इथेच करायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. आईला हे कळायला हवं होतं. बायकोने मला स्पष्ट बजावलं होतं, ‘आई इथे आहेत तोवर सांग. त्या विमानात बसल्यावर फोनवरून सांगशील, ते चालणार नाही. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मग मी वाईट सून होईन.’ म्हणून मी दर सुट्टीला आईला कुठेतरी घेऊन जायचो, तिथे निवांत सांगू म्हणून. त्सुकुबाला रॉकेट दाखवलं. देवळं झाली, बागा झाल्या, समुद्र झाला. जपान बघून आई खूश होती. सांगायचं तेवढं राहून जात होतं. आता येत्या शनिवारी तिचं विमान होतं आणि दाखवायला पालीच काय त्या उरल्या होत्या.

दारात हातांवर जंतुनाशक घेतलं आणि आत शिरलो. इतक्या शिस्तीत इतके साप मी कधी पाहिले नव्हते. पारदर्शक डब्यांच्या रांगा, प्रत्येकावर नाव, जन्मतारीख आणि स्वभाव. ‘किंचित लाजाळू’ असं एका अजगरावर लिहिलेलं होतं. आपल्याकडे लग्नाच्या स्थळांबद्दल इतकी प्रामाणिक माहिती मिळत नाही. बाबागाडी ढकलत एक जोडपं गेलं. मी सवयीने बाळ बघायला वाकलो तर आत दुपट्यावर कासव.

आईने पहिल्याच अजगरापाशी चपला काढल्या. मी ‘अगं, अगं’ करेपर्यंत तिने हात जोडून डोळे मिटले होते. डब्यामागच्या बाईंना वाटलं, हा आपल्याला नमस्कार आहे. त्या कमरेत वाकल्या. आईने डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई आपल्यापुढे वाकलेली. तिने पुन्हा नमस्कार केला. त्या पुन्हा वाकल्या. दोन सभ्य संस्कृती समोरासमोर आल्या की मधल्या अजगराचं काय होतं, ते तिथे दिसलं. तो झोपला होता.

‘नागपंचमीला गारुडी यायचा आपल्याकडे,’ आई चपला घालत म्हणाली, ‘पण तो असा स्वच्छ नसायचा.’ गारुडी की नाग, ते तिने सांगितलं नाही.

पुढच्या टेबलावर खाद्याचे नमुने मांडले होते. एका वाटीत बारीक, सोनेरी, खमंग दिसणारं काहीतरी होतं. इथल्या दुकानांतून चव बघायला ठेवलेलं लोणचं नि मिठाई खात हिंडायची आईला एव्हाना चांगली सवय झाली होती. तिने चिमूट उचललीसुद्धा.

‘आजी, दामे! दामे!’ मुलगी किंचाळली. म्हणजे नको, नको. एरवी तिचं मराठी आजीपुढे अडखळतं. आजी विचारते मराठीत, ही उत्तर देते जपानीत, आणि मध्ये मी किंवा बायको दुभाष्याचं काम करतो. आजीला त्याचं वाईट वाटायचं. ‘माझी नात माझ्याशी थेट बोलत नाही’ असं ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती. पण या वेळी दुभाष्याची गरज पडली नाही. ‘आजी, ते किडे आहेत!’

आईने चिमूट जागच्या जागी परत ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मला शेव वाटली रे.’ आम्ही चौघंही हसलो. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, जेवण होऊ दे.

जेवणाआधीच मुलीला तिची पाल सापडली. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे ठिपके, बोटाएवढी लांबी आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. मुलगी त्या डब्यासमोरून हलेना. विकणारा गृहस्थ पन्नाशीचा होता, खांद्यावर एक मोठा सरडा घेऊन उभा, आणि सरड्याला धक्का लागू नये म्हणून सगळं संथपणे करणारा. मी म्हटलं, ही द्या. तो म्हणाला, आधी बसा.

इथे पाल अशी उचलून पिशवीत घालून देत नाहीत. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला समोर बसवून, प्राणी दाखवून, सगळं समजावून सांगायचं असा कायदाच आहे. खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही बसलो. मुलगी पुढे, मी तिच्या बाजूला, आई माझ्या शेजारी, बायको मागे उभी. ऊब किती लागते, खायला काय, आजारी पडली तर कुठे न्यायचं, असं तो सांगत गेला. मुलगी प्रत्येक वाक्याला ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणत मान डोलवत होती. मुलीला शाळेत घालतानाही मला इतकं कोणी तपासलं नव्हतं.

‘ही पंधरा वर्षं जगते,’ तो म्हणाला, ‘नीट सांभाळली तर वीससुद्धा.’ त्याला पुढचं विचारायला संकोच वाटत होता, ते दिसत होतं. ‘माफ करा, पण विचारावं लागतं. तुम्ही मधेच आपल्या देशात परत जाणार असाल, तर हिचं काय?’

गेली नऊ वर्षं हा प्रश्न मला आईने विचारला होता, मित्रांनी विचारला होता, ऑफिसात तर तो दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलेलं. आणि आता एका पालीच्या भवितव्यासाठी मी ताठ बसलो आणि आयुष्यातल्या सगळ्यात शुद्ध जपानीत म्हणालो, ‘नाही. आम्ही परत जाणार नाही. आम्ही इथेच राहणार आहोत.’

नेमक्या त्याच क्षणी त्या गृहस्थाने दाखवण्यासाठी पाल अलगद उचलून तळहातावर घेतली. एरवी या पाली गप्प असतात, पण पिल्लू होतं, दचकलं. तोंड उघडून स्पष्ट ओरडलं.

आईचा हात आपोआप पुढे झाला. टेबलावर बोटाने टकटक करत ती म्हणाली, ‘कृष्ण, कृष्ण.’ आमच्या घरात हे लहानपणापासून चालत आलेलं. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की बोलणं खरं ठरतं, आणि ऐकणाऱ्याने टकटक करून ते पक्कं करायचं. आई आनंदाने माझ्याकडे वळली. ‘अगदी खरं बोललास बघ! काय म्हणालास रे?’

मी बायकोकडे पाहिलं. ती शेजारच्या टेबलावरचं एक कासव फार बारकाईने बघत होती.

मग मुलगी बोलली. एका दमात, एकही जपानी शब्द न घालता. तिच्या तोंडून इतकं सरळ मराठी वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. ‘आजी, बाबा म्हणाले, आम्ही परत जाणार नाही. आम्ही इथेच राहणार.’ आजीच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं असावं, कारणही सांगायला हवं. ‘पाल वीस वर्षं जगते ना, म्हणून.’

आईचं बोट अजून टेबलावरच होतं. तिने ते हळूच उचलून मांडीवर घेतलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीही लाज वाटली. समोरच्या गृहस्थाला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. तो पालीला हातात घेऊन आदबीने थांबून राहिला.

‘विचार त्याला,’ आई शेवटी नातीला म्हणाली, ‘थंडीत हिला अंथरूण-पांघरूण काय घालायचं?’

परतीच्या गाडीत मुलगी आईशेजारी बसली आणि दोन स्टेशनांत झोपून गेली. पालीचा डबा तिच्या हातातून निसटायला लागला तेव्हा आईने तो आपल्या मांडीवर घेतला. पदराने थोडा झाकला. मी समोर दांड्याला धरून उभा होतो. इथल्या गाड्यांत मोठ्याने बोलत नाहीत हे मीच तिला आल्या आल्या शिकवलं होतं, त्यामुळे ती कुजबुजत बोलली.

‘स्कूटर देऊन टाकते मग. खालचा वॉचमन विचारत होता.’

‘अगं, राहू दे की,’ मी म्हणालो. ‘असं काय करतेस? आम्ही येतच राहू ना. दर वर्षी येऊ. चांगले महिनाभर राहायला येऊ.’

आईने डबा थोडा वर उचलला आणि झाकणाला कान लावला. गाडी पुलावरून गेली, पूल संपला, तरी ती तशीच कान लावून बसली होती. शेजारचा तरुण मोबाइलमधून मान वर काढून तिच्याकडे बघायला लागला.

मग तिने डबा पुन्हा मांडीवर ठेवला.

‘नाही चुकचुकली,’ ती म्हणाली.