फिटलेली सावड

धसईच्या बसमधून हर्षाली उतरली की बाया आधी तिच्या पिशवीकडे बघतात, भाजी काय आणली म्हणून. पिशवीत चेंडू असतो. आमच्या मुरबाड तालुक्याला समुद्र नाही आणि ही पोरगी बीच व्हॉलीबॉल खेळून पोट भरते, हे अर्ध्या गावाला अजून पटत नाही. पटायचं कसं? तिला शिकवणारा मी, गावच्या शाळेचा खेळमास्तर, समुद्रावर जाऊन फक्त भेळ खाल्लेला माणूस.

वाळू नव्हती म्हणून आम्ही खळ्यावर गिरणीतला भाताचा तूस पसरला. त्यात हर्षाली आणि शेजारच्या भगीरथची दिपिका उड्या मारायच्या आणि अंग खाजवत घरी जायच्या. हा दोघींचाच खेळ. हर्षाली जाळीपाशी उभी राहून पाठीमागे एक किंवा दोन बोटं दाखवायची. ती कुठली बाजू अडवणार, हे सर्व्हिस करणारी दिपिका त्यावरून ओळखायची. सहा वर्षं दोघी अशाच राज्याकडून खेळल्या.

यंदा ऐन भातलावणीत दोघींना चेन्नईच्या शिबिराचं आणि तिथल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. आमच्याकडे लावणी सावडीने होते, आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. हर्षालीच्या शेतात दिपिका दिवसभर वाकली होती. दुसऱ्या दिवशी भगीरथची पाळी.

"आमची लावणी होऊ दे गो, मंग दोघी जाऊ," दिपिका म्हणाली.

हर्षाली पहाटेच निघून गेली. घरची बाकी माणसं सावडीला गेली, हिचा दिवस राहिला. तिला जा म्हणणारा मीच. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये, असंही वर ऐकवलं. म्हण चांगली, सल्ला गाढवाचा.

चेन्नईत ती दुसऱ्याच मुलीबरोबर खेळली आणि पदक घेऊन आली. दिपिका पदक बघायला आली नाही, सरावालाही नाही. पाऊस उघडल्यावर हर्षाली एकटीच सर्व्हिस मारायची आणि चेंडू स्वतःच आणायची. एकदा जाळीपाशी तिने पाठीमागे दोन बोटं धरलेली मी पाहिली. मागे कोणी नव्हतं.

राष्ट्रीय स्पर्धेचे अर्ज शनिवारी बंद होणार होते. जोडीशिवाय नाव घेत नाहीत, आणि चेन्नईत बरोबर खेळलेल्या मुलीला तिची नेहमीची जोडीदार होती. शुक्रवारी हर्षाली विळा घेऊन, न बोलावता, भगीरथच्या शेतात कापणीला उभी राहिली. दिपिका शेजारीच कापत होती. दुपारी तिने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा बांधावर बसल्या बसल्या मला वाटलं, जमलं.

संध्याकाळी शेवटचा भारा बांधून हर्षाली म्हणाली, "उद्या फॉर्म भरायचाय गो."

दिपिकाने विळा पुसला. "तुजी सावड फिटली, हर्षाली. आता तुजं आमच्याकडं काय नाय, नि आमचं तुज्याकडं काय नाय."

भांडली असती तर बरं झालं असतं. जुनी माणसं सावड कधी पुरती फेडत नसत. एक दिवस मागे ठेवत, म्हणजे येणंजाणं राहतं. हे मला माझ्या आईने शिकवलं होतं. मी हर्षालीला सर्व्हिस शिकवली, हे शिकवायचं राहिलं.

शनिवारी मी खळ्यावर गेलो नाही. खळ्यावरचा आवाज घरात ऐकू येत होता. एकदा चेंडू वाजायचा, मग बराच वेळ काहीच नाही. आणायला गेली असणार.