जाडी, सकर आणि रविवारचा फोन

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आमच्या वडवणीत पहाटे पाचलाच नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी... बादल्या लावायला अर्धवट झोपेत उठले, हॉलमधला दिवा लावला आणि फिश टँकसमोर तशीच उभी राहिले.

आमचा सकर मासा जाडीच्या कुशीला चिकटला होता. जाडी म्हणजे आमची गोल्डफिश. बिचारी त्याला अंगावर घेऊन टाकीभर फिरत होती आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

आधी जाडीबद्दल सांगते. ती माझी नाही, शैलाची आहे. शैला आणि मी एकाच शाळेत शिक्षिका, सहा वर्षं एकाच भाड्याच्या घरात राहिलो. तिचा नवरा साताऱ्याला, म्हणून गेल्या वर्षी पती-पत्नी एकत्रीकरणात तिची बदली तिकडे झाली. एवढी टाकी एसटीतून कशी नेणार, म्हणून जाडी माझ्याकडे राहिली. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझं एकत्रीकरण कुणाशी करणार... असो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी शैलाचा व्हिडिओ कॉल येतो. "जाडी दाखव," म्हणते. मी कॅमेरा टाकीकडे धरते आणि आम्ही पंधरा-वीस मिनिटं बोलतो. खरं सांगू... शाळा सोडली तर आठवड्यातलं माझं बोलणं तेवढंच.

दिवाळीनंतर टाकीची काच हिरवी पडायला लागली. बीडला गेले तेव्हा दुकानदाराने एक काळा, ठिपकेवाला सकर पिशवीत घालून दिला. म्हणाला, "ताई, ह्यो काच चाटून साफ करतो. खायला घालायचं काम न्हाई, त्याचं त्यो भागवतो."

आणि खरंच, पंधरा दिवसांत काच लखलखीत. मी खूश. जाडीला सकाळ-संध्याकाळ दाणे टाकायचे, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही.

मग जाडीच्या अंगावर पांढुरके चट्टे दिसायला लागले, दोन-तीन खवले गेले. मी पाण्याला दोष दिला. पाणी बदललं, चिमूटभर खडेमीठ घातलं... चट्टे वाढतच गेले. शेवटी मी शैलाला जाडी दाखवायचंच बंद केलं. तीन रविवार "नेट नाही गं" म्हणून साध्या कॉलवर भागवलं. भीती एकच होती. जाडी गेली तर शैलाने मला फोन कशासाठी करायचा?

तर त्या गुरुवारी सकरला जाळीने काढलं, बादलीत टाकलं आणि हवेची नळी सोडली. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे, म्हणून त्याला चांगलं झापलंही. नळाचं अर्धं पाणी त्या नादात वाहून गेलं.

दुकान उघडल्याबरोबर फोन लावला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काच साफ हाय का?"

म्हटलं, आरशासारखी आहे.

"मग त्यानं खावं काय, ताई? शेवाळ सपलं की उपाशी सकर संथ मासा धरतो. गोल्डफिशच्या अंगावर बुळबुळीत थर असतोय, त्यो खरवडून खातो. चपळ मासा सुटून जातो, हिला पळताच येत न्हाई."

"पण खायला घालू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणलतो खरं... चुकलं माझं." मग त्याने नीट सांगितलं. संध्याकाळी दिवा बंद केला की काकडीची चकती द्यायची, तळाशी बुडणाऱ्या गोळ्या मिळतात त्या द्यायच्या. पण गोल्डफिशबरोबर ठेवूच नका, वेगळी टाकी बघा, मोठी बघा, तो फूटभर वाढतो.

फोन ठेवला आणि बादलीत डोकावले. खाल्ल्या घरचे वासे म्हणे... मी त्याला या घरात खायला घातलं कधी होतं? पोट आत गेलेलं, बुडाला चिकटून गप्प बसला होता.

त्याच दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, रविवारी परीक्षेचं केंद्र हाय, तुमीच थांबा. बाकीच्यांना लेकरंबाळं हायेत. तुमी काय एकट्या, तुमचं भागतंय."

दर वेळी मी "बरं सर" म्हणते. सहल असो, निवडणुकीचं काम असो, बरं सर. त्या दिवशी मात्र सकाळची बादली डोळ्यांपुढून हलेना. म्हटलं, "नाही जमणार सर. माशासाठी घर बघायचंय."

मला जरा हसू आलं, जरा रडूही आलं.

रविवारी सकाळीच ओळखीतल्या एका घरातून त्यांची पडून असलेली टाकी आणली. तीन दिवस बादलीत काकडीवर काढलेल्या सकरला तिच्यात सोडलं, लपायला लाकडाचा एक ओंडका ठेवला, काकडीची चकती चमच्याला अडकवून तळाशी सोडली. तेवढ्यात शैलाचा व्हिडिओ कॉल आला.

या वेळी उचलला. जाडीचे चट्टे दाखवले, नेटचं खोटं सांगितलं आणि ते का सांगितलं तेही सांगून टाकलं. मला वाटलं, आता रागावणार.

"कॅमेरा फिरव," ती म्हणाली.

मी फोन सकरच्या टाकीकडे नेला.

"तो नको गं. तुझ्याकडं फिरव. वर्ष होत आलं, मी नुसती जाडीच बघतीय."

केस विंचरलेले नव्हते, गाऊनची बाही टाकीच्या पाण्याने भिजलेली. तरी फिरवला. तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, "वाळलीयस किती. जेवतीस का नाही?"

जाडीचे चट्टे आता भरत आलेत. सकर काकडीवर ताव मारतो. संथ माशांबरोबर सकर ठेवला असेल तर आजच वेगळा करा, आणि तो जिथे असेल तिथे त्याला खायला घाला... त्याचं भागत नसतं.

शैलाच्या त्या प्रश्नाला मी "हो गं, जेवते की" असं पटकन उत्तर दिलं. मग फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी, शैला इथे असताना दोघींसाठी लावायचे तसा, कुकर लावला.