मागे राहिलेल्या वस्तूंची खुशाली

कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं की आपल्याकडे बायका आधी भिंतीला टेकतात आणि मग वाचतात. मीही टेकले. अलिबागहून गणपतचं कार्ड होतं, तीनच ओळींचं. "सखूबाय काल सकाळी गेली. त्रास काही झाला नाही. तुमचं बोचकं खुशाल आहे." खरं सांगते, मला आधी हसू आलं. रडू मागाहून आलं, चांगलं तासभर आलं, पण पहिलं आलं ते हसूच... कारण बायच्या घरातून निघालेलं कुठलंही कार्ड त्याच शब्दांवर संपायचं, आणि तिच्या मरणाची बातमीही त्याला अपवाद नव्हती. ती लिहिणारा तिचा भाचा गणपत, वाडीचं सगळं बघणारा, त्याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

सखूबाय म्हणजे आमची घरमालकीण. सन चोवीस-पंचवीसच्या सुमाराची गोष्ट. ह्यांना अलिबागच्या ट्रेझरीत कारकुनी मिळाली आणि वरसोलीकडे जाणाऱ्या वाटेवर, नारळी-पोफळीच्या वाडीच्या तोंडाशी तीन खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातली मधली खोली आम्हाला मिळाली. तिचा नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, वाडी मात्र स्वतः शिंपून वाढवलेली. उंच, काळीसावळी, काष्टा घट्ट मारलेला, आणि बोलायला लागली की पलीकडच्या आळीतल्या कोंबड्या उडायच्या. पहिले आठ दिवस मी अदबीनं "अहो मालकीणबाई" म्हणत होते. नवव्या दिवशी तिनं मला विहिरीवर गाठलं. "मालकीन आसंल ती कलेक्टराची बायको. मला बाय म्हन, आनी तू म्हन. अहो म्हनलं की मला वाटतं मागं कोन हुबं हाय." तेव्हापासून ती बाय.

तिच्या खोल्यांत माणसं यायची ती जाण्यासाठीच. कचेरीतले कारकून बदलीवर जायचे, मुंबईचे लोक हवापालटाला येऊन महिना-दोन महिन्यांत परत बोटीत बसायचे, आणि जाताना हमखास काहीतरी विसरायचे. दुसरे घरमालक असल्या वस्तू अडगळीत फेकतात, नाहीतर गुपचूप वापरून टाकतात. बाय वापरायचीच, पण गुपचूप नव्हे. बिऱ्हाड हललं की ती स्वतः खोली झाडायची, सापडेल ते पडवीतल्या लांब फळीवर मांडायची आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लावायची. त्यामागं तिचं शास्त्र होतं. "आपली हवा खारी. ती लोखंड खाते, कातडं खाते, कागद खाते. वापरातल्या वस्तूला तेवढी भिते. पराया मानसाची चीज हाय, ती कुजून कशी द्यायची?" म्हणून एका ओव्हरसियरचं घड्याळ रोज सकाळी किल्ली खायचं. जंगलखात्याच्या एका साहेबाचे बूट गणपत खोबरेल लावून दर रविवारी बाजारात घालून जायचा, आणि दोन आकडे मोठे असल्यामुळं बदकासारखा चालायचा. आणि मीठखात्यातला एक भजनी कारकून आपली पेटी ठेवून गेला होता, तिचा भाता आखडू नये म्हणून बाय दर सोमवारी तिच्यासमोर मांडी घालून बसायची. तिला एकच पट्टी माहीत. ती दाबून ती अर्धा तास भाता मारायची. तो एकसुरी आवाज सुरू झाला की आळीतली कुत्री गळे काढायची आणि आमचे हे छत्री घेऊन समुद्रावर निघून जायचे, पाऊस असो वा नसो.

वस्तू परत पाठवणं तिला मंजूर नव्हतं. "पायानं आली, पायानं जाईल. टपालात मोडते." मग मालकाला चिंता नको म्हणून ती कार्ड धाडायची. बायला अक्षरओळख नव्हती, आणि मी मराठी पाचवीपर्यंत शिकलेली, तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फळीवरचा एकेक जिन्नस हातात घेऊन ती मजकूर सांगायची, मी टाक चालवायची, आणि ती माझ्या टाकाकडं टक लावून बघत बसायची. मुंबईचे एक वृद्ध गृहस्थ चांदीच्या मुठीची काठी विसरले होते. त्यांना मी बायच्या सांगण्यावरून लिहिलेलं पहिलं कार्ड मला अजून पाठ आहे. "आपली काठी खुशाल आहे. रोज सकाळी समुद्रावर फिरून येते. इथली हवा तिला मानवली." मी म्हटलं, "बाय, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे की. रडवनारी कार्डं काय कमी येतात?" आठ दिवसांत उत्तर आलं. "काठीस अनेक आशीर्वाद. तिला तिथंच राहू द्यावे, मी दिवाळीत भेटावयास येतो." आणि ते खरोखर आले! पुढं दरवर्षी यायचे, काठीला भेटायला म्हणून चार दिवस राहायचे, आणि जाताना ती पुन्हा कोपऱ्यात उभी करून ठेवायचे.

एकदा मी तिला विचारलं, कुणी मुद्दाम टाकून गेलेलं असलं तर? ते तू सांभाळत बसतेस आणि त्याला ते नकोच असतं... बाय मशेरी थुंकून आली आणि म्हणाली, "कळतं मला. इसरलेली चीज कुठं पन पडलेली आसते. दाराआड, खाटंखाली. टाकलेली मातुर नीट ठेवलेली आसते, घडी घालून." "मग तिचं काय करतेस?" "तिला जास्ती जपायचं. तिचा मालक रुसलेला आसतो ना."

हे बोलणं मी तेव्हा विसरून गेले. माझं मन दुसऱ्याच गोष्टीत होतं. मला व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, व्हायचं होतं. ती पास झाले तर कुठंही मास्तरीण होता आलं असतं, आणि मास्तरीण होण्याचं वेड मला परकरात असल्यापासून होतं. ह्यांची ना नव्हती. तीन वर्षं स्वयंपाकपाणी आटोपून मी अभ्यास केला, परीक्षेला बसले आणि गणितात आपटले. तेही काळ-काम-वेगात. शेजारच्या खोलीतल्या कारकुनीणबाईंनी हळदीकुंकवाला चारचौघींत विचारलं, "काय मास्तरीणबाई, शाळा केव्हा सुरू?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन ठरवलं की पुरे झालं. पंधरा दिवसांत ह्यांची महाडला बदली झाली. पहिल्या पुस्तकापासूनची माझी सारी पुस्तकं, अंकगणित, पाटी, सगळं मी जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यात बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि माळ्यावर ठेवून दिलं. निरोप घेताना बायला म्हटलं, "काही राहिलं असलं तर बघ हं." ती माझ्याकडं बघत राहिली. "बघते की," म्हणाली.

महाडला सात-आठ महिने काही आलं नाही. मला वाईट वाटत होतं आणि ते मी स्वतःशीही कबूल करत नव्हते. ओव्हरसियरच्या घड्याळाला कार्ड, परक्याच्या बुटांना कार्ड, आणि मला नाही! मग एक दिवस आलं. अक्षरं एवढाली, बोराएवढी, ओळ डावीकडून निघून उजवीकडं खाली घसरलेली. "तुजी पुस्तकं खुशाल हायत. पैलं वाचून झालं. सकू." मी ते कार्ड चुलीपुढं बसून पाच वेळा वाचलं. भाकरी करपली. मागाहून कळलं ते असं की आमच्या खोलीत आलेल्या नव्या बिऱ्हाडकरूनं "असलं वेड्यासारखं मी लिहिणार नाही" म्हणून सांगितलं होतं, आणि बायनं माझं बोचकं सोडलं होतं. तीन बुकं शिकलेला गणपत तिचा गुरू. पन्नाशीची बाय पडवीत पाय पसरून "क"ला काना देत होती, कारण पराया माणसाची चीज वापराविना कुजू द्यायची नाही!

त्यानंतरची कार्डं मात्र वेगळी होती. त्यांच्यावर गणितं यायची. एवढ्या मोठ्या अक्षरात एक गणित मावेपर्यंत कार्ड भरून जायचं. पहिलं होतं ते हौदाचं. एका नळानं हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्यानं बारा तासांत रिकामा होतो, दोन्ही उघडले तर किती वेळानं भरेल? खाली बायचा शेरा, "आसला हौद बांदनाऱ्याला आदी धरा. मला जमत न्हाय. तुला जमलं तर कळव." मला ते कार्ड फाडावंसं वाटलं. पण बाय विचारतेय, नाही कसं म्हणायचं? उभ्या उभ्या केलं आणि लिहिलं, चार तास. आठवड्यानं उत्तर, "चार न्हाय. परत बघ." आता मात्र माझं डोकं फिरलं. काल-परवा अक्षर शिकलेली बाई मला चुका दाखवते! त्या दुपारी मी जेवलेसुद्धा नाही. जमिनीवर कोळशानं मांडत बसले, आणि दिसलं की वजाबाकीच्या जागी मी बेरीज केली होती. बारा तास. कळवलं. "आता बरूबर," असं कार्ड आलं आणि त्यावर पुढचं गणित. अशी दोन वर्षांत अकरा. मी तिला दोनदा लिहिलं, की बाय, ती पुस्तकं पाठवून दे, मला लागतायत. दोन्ही वेळा एकच जबाब, "माजं संपलं न्हाय. संपलं की ये आनी ने." हे गालात हसायचे. शेवटी त्यांनीच कुठून तरी एक फाटकं अंकगणित पैदा केलं. मी पुन्हा बसले, आणि पास झाले.

ते सांगायला आम्ही अलिबागला गेलो. बायनं ऐकलं, आत गेली आणि पेटी घेऊन आली. सोमवार नव्हता, तरी तिनं पाऊण तास ती एकच पट्टी वाजवली. अख्खी आळी जमा झाली, कुत्र्यांसह. मी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं की ही बाई नसती तर मी पुन्हा गणिताला हात लावला नसता, पन्नाशीत काळ-काम-वेग शिकली, माझी चूक काढली! बाय पदरानं तोंड झाकून हसत होती. मला वाटलं, लाजतेय. निघताना मी बोचकं मागितलं, तर म्हणाली, "आजून माजं संपलं न्हाय."

गेली दहा वर्षं मी रोह्याला मुलींना शिकवते. वर्गात कुणी गणितावर रुसली की मी तिला बायची गोष्ट सांगते. अशा कितीजणींना सांगितली असेल!

गणपतचं कार्ड आलं त्यानंतर दोन आठवड्यांनी मी बोचकं आणायला गेले. पडवीत घड्याळ चालू होतं. काठी कोपऱ्यात होती, तिचं टोक ओल्या वाळूनं माखलेलं, म्हणजे गणपत तिला फिरवत होता. बायची बसायची जागा रिकामी होती, ती बघवेना. गणपतनं बोचकं पुढ्यात ठेवलं. गाठी माझ्याच होत्या, माझ्यासारख्याच पुन्हा मारलेल्या. वाचनाची पुस्तकं पार खिळखिळी झाली होती, पानापानावर मशेरीचे डाग. मग मी अंकगणित उचललं. ते उघडेचना. खाऱ्या हवेनं पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठा झाला होता. बायच्या घरात, बायच्या हाताखाली एक वस्तू अशी कुजली होती... मला खरंच वाटेना. नखानं हळूहळू सोडवत गेले, तर मधली अकराच पानं सुटी होती. ती सगळी ओळखीची. पहिल्यावर हौद होता. आजूबाजूला पेन्सिलीचा एक आकडा नाही, एक बेरीज नाही.

आणि मग पुस्तकाचा शेवट आपोआप उघडला. शेवटची चार पानं, उत्तरांची. ती कडांना काळी पडली होती, मऊ झाली होती, कोपरे बोटांनी झिजून गोल झाले होते, आणि हौदाच्या उत्तराखाली नखानं ओढलेली एक रेघ होती.

"गणपत," मी विचारलं, "बायला गणित येत होतं का रे?"

"गनित?" गणपत म्हणाला. "बायला? ताई, तिला पोफळी मोजायला पन मी लागायचो. तुमचं कार्ड आलं की ती पाठची पानं काढून बसायची. आकडा जुळला की मला सांगायची, पोरगी चालू हाय."

मी त्या पडवीत बसून इतकी हसले की डोळे पुसायला पदर अपुरा पडला.

पुस्तक आता शाळेत आहे. मुली वाफेवर धरून एकेक पान सोडवतात, आणि सुटलेल्या पानावरचं गणित त्या शनिवारी फळ्यावर जातं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी गणपतला कार्ड टाकते. परवाच टाकलं. "पुस्तक खुशाल आहे. सत्तरावं पान सुटलं. तिघींचं उत्तर चुकलं, त्यांना परत बघायला सांगितलं आहे."