लाथ मारणाऱ्या घोडीचं दर्शन

आमची पांढरी घोडी लाथ मारायची. चावत नव्हती, उधळत नव्हती, लगामालाही बरी होती. पण मागे कोणी उभं राहिलं की कान मानेला चिकटवायची, आणि मग तिचा पाय कधी उठला ते दिसतही नसे. माझ्या नवऱ्याच्या मांडीवर तिनं एकदा अशी लाथ घातली की त्याला कितीतरी दिवस टांग्यावर चढता आलं नाही. पुढं चालू लागला तोही लंगडतच. आधीच्या मालकानं तिला मागून काठीनं हाणून वरातीत नाचायला शिकवलं होतं, एवढं आम्हाला नंतर कळलं. माझा नवराही काही वेगळा नव्हता. लाथ बसल्यावर त्यानं चाबूक हातात घेतला. तेव्हापासून तो जवळ आला की घोडीच्या अंगावर काटा यायचा.

मला मात्र ती हात लावू द्यायची. यात माझं काही मोठेपण नाही. माझा बाप नालबंद होता. चौथीत शाळा सुटल्यापासून लग्न होईपर्यंत मी बापासमोर जनावरांचे पाय धरले. घोड्याचा पुढचा पाय उचलून गुडघ्यात दुमडून धरला, की त्या अंगाच्या मागच्या पायानं त्याला लाथ घालणं अवघड जातं. तोल सांभाळण्यातच त्याचं ध्यान राहतं. पण हे धरणाऱ्याचे हात दमेपर्यंतच.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात रिक्षा वाढत होत्या, आणि स्टेशनावर उतरलेला माणूस टांग्याकडे बघेनासा झाला होता. नवऱ्याचं म्हणणं, टांगा गेला तरी वराती राहतील. गावाबाहेरच्या माळावर जनावरांचा बाजार भरायचा, त्यात घोड्यांचं प्रदर्शन असायचं. तिथं घोडीला बिल्ला मिळाला की लग्नाची बोलावणी घरी चालत येतील. मी म्हणाले, तिथं हिच्या पायाखाली माणूस मेलं तर आपल्याला कोण बोलावील? तुला काय कळतंय, म्हणाला. घोडी न्यायचीच होती त्याला.

प्रदर्शनाआधी घोडी जनावरांच्या डॉक्टरला दाखवावी लागे. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं लांबूनच तिचे कान बघितले आणि सांगितलं, शेपटीला लाल कापड बांधा, म्हणजे ही लाथ मारते हे लोकांना कळेल आणि ते लांब राहतील. मला ते पटलं. घरात लाल म्हणावं असं एकच कापड होतं, माझ्या ओटीत आलेला जरीच्या काठाचा खण. त्याची पट्टी फाडून मी शेपटीला बांधली. तोंडाला बांधायची मोहरकी घासून घोडीच्या कपाळावर जखम झाली होती, माश्या बसत होत्या, म्हणून तिथं तेलात कालवून हळद भरली. ती ओघळून नाकापर्यंत आली.

पांढरी घोडी, कपाळभर हळद, शेपटीला जरीचा लाल खण. ही कशी दिसत असेल ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी जखम आणि लाथ एवढंच बघत होते.

माळावर जागा मिळाली ती सगळी मुरमाची. मेख ठोकली तर वाकडी व्हायची, त्यामुळं घोडीचे मागचे पाय बांधता आले नाहीत. पुढचा दोर एका रिकाम्या बैलगाडीच्या चाकाला बांधला आणि नवरा नाव लावायला प्रदर्शनाच्या मांडवाकडं गेला. हिला सोडून हलू नको, म्हणाला. मी तिच्या डाव्या अंगाला, मानेपाशी उभी राहिले. आसपास मेंढ्यांचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, सांगोल्याकडचे मेंढके आले होते. बायकाही खूप होत्या.

पहिला एक म्हातारा आला. पटका, खांद्यावर घोंगडं. घोडीपुढं थांबला, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं, म्हातारा भाविक असेल, कशालाही हात जोडत असेल. मग तो वाकून तिच्या पुढच्या खुराला शिवला आणि ती बोटं कपाळाला लावली. तोपर्यंत ठीक होतं. पण त्याच्या मागून आणखी दोघे आले, आणि त्यातला एक शेपटीच्या खणाला हात लावायला मागे गेला.

घोडीचे कान आडवे झाले.

मी काही विचार केला नाही. खाली वाकले, तिचा पुढचा डावा पाय उचलला आणि दुमडून मांडीवर घेतला. तिचा पाठीमागचा पाय जमिनीवरच राहिला. त्या माणसानं खण डोळ्याला लावला, हातातून सोडला आणि गेला. मी ओरडून सांगितलं, लांब व्हा, लाथ मारती. आता गर्दी जमली होती. कोणीतरी म्हणालं, खंडोबाचं घोडं हाय. दुसरा म्हणाला, बाई पाय धरून बसलीय बघा, केवढी सेवा.

त्यांना मी सेवा करताना दिसत होते. मी पाय सोडला असता तर दोघा-तिघांची डोकी फुटली असती, आणि धरून ठेवला तर दर्शनाची रांग वाढत होती. देवाचा घोडा नाही, टांगेवाल्याची घोडी आहे, ती हळद जखमेवर लावलीय, असं मी सांगून बघितलं. त्यावर एक म्हातारी हसली.

"घोडं देवाचं हाय ते तुला ठावं नसंल, बाई," ती म्हणाली. "त्याला ठावं हाय."

घोडी आता माझ्यावर रेलायला लागली होती. तीन पायांवर उभं राहून जनावर दमतं आणि मग धरणाऱ्याच्या अंगावर भार टाकतं. माझी पाठ वाकलेली, मांडी थरथरत होती, हात घामानं निसटत होते. आणि पाय एकाच अंगाचा धरलेला. पलीकडच्या अंगाचा तिला मोकळाच होता. त्या बाजूला कोणी जाऊ नये म्हणून मी सारखं खेकसत होते.

त्याच म्हातारीच्या मागं तिची सून उभी होती. पोरगी माझ्याहून लहान. कडेवर वर्षाचंही नसेल असं मूल. ते रात्री दचकून उठतं, दूध टाकतं, असं म्हातारी सगळ्यांना सांगत होती. देवाच्या घोड्याच्या पोटाखालनं काढलं की भ्या जातं म्हणे. सुनेला तिनं घोडीच्या डाव्या अंगाला, माझ्या मागं बसवलं आणि स्वतः पलीकडं गेली, मूल झेलायला. पलीकडं, म्हणजे मोकळ्या पायाजवळ.

मी त्या पोरीला हळू म्हणाले, नको गं, मारंल. तिला ते कळलं असावं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पोटाखालून पलीकडं दिसणाऱ्या सासूच्या हातांकडं बघितलं. सासू म्हणाली, दे की. पोरीनं मूल दोन्ही हातांत पुढं धरलं.

तेवढ्यात नवरा आला. गर्दी बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, हातात चाबूक धरून, लोकांना बाजूला सारत तो उजव्या अंगानं येऊ लागला. घोडीनं त्याला ओळखलं. माझ्या मांडीवरचा तिचा पाय एकदम ताठ झाला. पोटाची कातडी थरथरताना मला गालाला जाणवली. अशी थरथर झाली की पुढं काय होतं ते मला माहीत होतं.

"तिथंच थांबा," मी नवऱ्याला म्हणाले. "एक पाऊल टाकू नका."

लग्न झाल्यापासून चारचौघांत मी त्याला असं कधी बोलले नव्हते. तो थांबला, पण रागानं थांबला होता. फार वेळ थांबला नसता. मूल घोडीच्या पोटाखाली अर्धं गेलं होतं. ओरडले असते तर घोडी बुजली असती. देव नाही म्हणून सांगून झालं होतं, लाथ मारते म्हणून सांगून झालं होतं. तेव्हा या लोकांना एकच गोष्ट ऐकू जाईल असं मला वाटलं, आणि ती मी आवाज न चढवता, पण सगळ्यांना कळेल अशी बोलले.

"मला कावळा शिवलाय. कालपासनं."

तो काळ ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, बाईला कावळा शिवला म्हणजे ती चार दिवस बाजूला बसलेली. तिनं देवाला शिवायचं नाही, आणि मी तर देवाच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. खरं तर माझे दिवस होऊन आठवडा उलटला होता.

पोरीनं मूल झटकन मागं ओढलं. म्हातारी पलीकडून अशी सरकली की तिचं पातळ चाकात अडकून फाटलं. खुराला शिवलेल्या माणसानं बोटं मातीत घासली. गर्दी मागं हटली, आपोआप, गोल. मग मला शिव्या पडल्या. अवदसा म्हणाले, घरात कोणी शिकवलं न्हाई व्हय म्हणाले. शिव्या द्यायला सगळे लांब उभे होते, हे मला बरं वाटलं.

मी पाय सोडला आणि तिच्या मानेकडं उडी घेतली. घोडीनं दोराभोवती गर्रकन वळून गाडीकडं दोन्ही मागचे पाय झाडले. बैलगाडीची आडवी फळी मधोमध मोडली आणि तिचा तुकडा उडून लांब पडला. ती पोरगी मूल छातीशी धरून त्या फळीकडं बघत राहिली. म्हातारी म्हणाली, बघा, विटाळानं देव कोपला.  ते लांब होते ना, मग देव कोपू दे नाहीतर आणखी कोणी.

मांडवातून माणसं आली. त्यांनी फळी बघितली, लोकांचं ऐकलं आणि घोडी न्या म्हणून सांगितलं. बिल्ला तर राहिलाच. नवरा घरच्या वाटेला लागला. तो पुढं, त्याच्या मागं घोडीच्या मानेपाशी दोर धरून मी.

बातमी आमच्या आधी बोळात पोचली होती. माझी सासू उंबऱ्यात उभी. एका घरात राहणाऱ्या बायकांचे दिवस एकमेकींपासून लपत नाहीत. तिनं मला आत येऊ दिलं नाही.

"खोटं बोललीस ते मला कळतंय," ती हळू म्हणाली. "पर आता बस. उद्या चुलीला शिवलीस तर लोक म्हणतील, यांच्यात पाळत न्हाईत."

मग मी परसात बसले, पोत्यावर. ताट लांबून सरकवलं जाई. घोडीची पडवी समोरच होती, पण शिवायचं नाही. घोडीचं वैरणपाणी मी करायची. आता ते नवऱ्यावर आलं. तो पहिल्या दिवशी भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी घेऊन दारात आला. दुसऱ्या हातात चाबूक. घोडीनं कान पाडले आणि तो तिथंच अडला. बराच वेळ उभा होता. घोडीला सकाळपासून काही मिळालं नव्हतं.

"आता काय करू?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं.

"चाबूक बाहेर ठेवा. डाव्या अंगानं जावा. आन् बोलत जावा."

"काय बोलू तिच्याशी?"

"गिऱ्हाइकाशी बोलता तसं."

तो दारातून मागं सरला. मग चाबूक भिंतीला टेकवला, डावीकडून एक पाऊल टाकलं, आणि स्टेशनाबाहेर काढायचा तो मऊ आवाज काढून म्हणाला, "कुटं जायचं, बाई? बाळीवेस का नवी पेठ?"

घोडीचा एक कान पुढं आला. दुसरा अजून मागंच होता. मी त्याला म्हणाले, तिथंच उभे राहा, आणखी बोला.