आत्या आणि अकरावीची पोरं

काळाचौकीपासून परळच्या नाक्यापर्यंत दहावी पास झालेलं आणि माझ्या आत्याच्या तावडीतून सुटलेलं एकही मूल मी अजून पाहिलेलं नाही. नापास झालेलीही सुटत नसत. त्यांच्याकडे तर ती आधी जायची, कारण तिच्या मते त्यांना कॉलेजच्या तयारीला एक वर्ष जास्तीचं मिळालेलं असे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, विमा कंपनीत चढत चढत साहेब झाली, आणि ऑफिसातल्या अख्ख्या मजल्याला पुरणारा आवाज तसाच बरोबर घेऊन निवृत्त झाली. चाळीच्या गॅलरीला तो आवाज अंमळ जास्तच व्हायचा. खालच्या भय्याकडून तिने दूध मागवलं की समोरच्या चाळीतल्या बायका पण पातेली घेऊन बाहेर येत.

निकाल लागला की लोक टक्के विचारतात. आत्या टक्के कधीच विचारत नसे. "ते झालं आता. कॉलेज बघून आलास का?" असं विचारायची. नुसतं गेटवरून बघून आलेलं तिला चालत नसे. कॉलेज सुरू व्हायच्या आधी ती पोरांना घेऊन स्वतः जायची, वॉचमनला त्याचं गाव विचारून गार करायची आणि आपल्या क्रमाने इमारत दाखवायची. आधी संडास, मग पिण्याचं पाणी, मग कँटीन, मग ऑफिसची खिडकी, आणि पोरं दमली नसतील तर शेवटी वर्ग. एकदा विहारात दहावीच्या मुलांचा गुणगौरव होता. पाहुण्यांनी गगनभरारी, उत्तुंग शिखरं वगैरे सगळं मनसोक्त बोलून घेतलं. मग आत्या उठली. माइक बाजूला सारून म्हणाली, "शिखरं राहू द्या. कॉलेजात पहिल्या दिवशी संडास कुठाय ते बघून ठेवा. ज्याला संडास कुठाय हे ठाऊक आहे, तो माणूस कुठेही घाबरत नाही." पाहुणे हार सावरत छताकडे बघत बसले. पोरांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

तिचं दुसरं खूळ म्हणजे एक वाक्य. 'सर, मला समजलं नाही.' हे वाक्य पहिल्या आठवड्यात वर्गात मोठ्याने म्हणायचंच, कुठल्याही भाषेत म्हणा, असा तिचा दंडक होता. आणि आयत्या वेळी आवाज फुटत नाही म्हणून मे महिन्यातच गॅलरीत पोरांना ओळीने उभं करून सराव व्हायचा. एकदा पोरांनी असा काही गजर केला की वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका बनियनवरच खाली आले. "काय समजलं नाही, बाळांनो?" आत्या म्हणाली, "तुम्हाला नाही विचारत हो, सराव चाललाय." पण काका आलेच होते. त्यांनी कठड्याला टेकून जेवणवेळ होईपर्यंत त्रिकोणमिती समजावली, आणि ती खरोखरच कोणाला समजली नाही, त्यामुळे सराव उत्तम झाला.

मैत्रीबद्दलही तिचे नियम होते. पहिल्या दिवशी भेटलेल्याशी जन्माची मैत्री करायची नाही. "पहिल्या दिवशी सगळेच गोड असतात गं. घाबरलेले असतात म्हणून. पंधरवडा जाऊ दे, मग कोण कसा ते कळतं." एक मैत्रीण आपली भाषा बोलणारी असावी, एक अजिबात न बोलणारी. पहिलीशी मन मोकळं होतं, दुसरीशी बोलताना इंग्रजी आपोआप सुटतं. कॉलेजात सिनियर कोणी 'लेक्चरला कशाला बसतेस, चल' म्हणाला तर त्याचा गेल्या वर्षीचा निकाल विचारायचा. गोड बोलून विचारायचा, पण विचारायचाच. या शेवटच्या सल्ल्यामुळे आमच्या चाळीतल्या दोघातिघांनी कॉलेजात पहिल्याच महिन्यात मार खाल्ला होता. आत्याचं म्हणणं, त्यांनी गोड बोलून विचारलं नसणार.

अशा बाईची सख्खी भाची असून मी अकरावीत सपशेल आपटले. लालबागच्या मराठी शाळेतून मी चर्चगेटकडच्या एका बड्या कॉलेजात सायन्सला गेले. संडास, पाणी, कँटीन सगळं पाठ होतं. पण वर्गात बसले आणि सरांचं फिजिक्स कानावरून असं जाऊ लागलं की त्यातलं 'ओके?' तेवढं मला कळायचं. बाकी सगळे भराभरा लिहून घेत. हात वर करायचा म्हटलं की तळवा बाकाला चिकटायचा. एका सकाळी बस भायखळ्याला राणीच्या बागेपाशी थांबली, आणि मी उतरून गेले. दुसऱ्या दिवशीही उतरले. मग रोजच. दप्तर मांडीवर घेऊन पाणघोड्यासमोरच्या बाकावर बसायचं आणि कॉलेज सुटायच्या वेळेला घरी यायचं. बुधवारी बाग बंद असते, म्हणून बुधवारी माझं डोकं दुखायचं. घरी कोणाला पत्ता नव्हता. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की दिवाळीत सांगायचं, मला नाही जमत, माझं नाव काढून टाका.

पण आत्याची आणखी एक पद्धत होती, ती मी विसरले होते. कॉलेज जरा रुळलं की ती न सांगता कँटीनमध्ये जाऊन बसायची आणि पोराला बोलावून डोसा खायला घालायची. एक दिवस पाणघोड्यासमोर असताना माझा फोन वाजला.

"कुठेयस?"

"कॉलेजात आहे गं आत्या. लेक्चर आहे."

"असं? मी पण कॉलेजातच आहे. कँटीनमध्ये. डोसा गार होतोय." माझ्या मागे कुठलासा पक्षी ओरडला. आत्या तेवढा वेळ थांबली आणि म्हणाली, "कुठल्या पिंजऱ्यापाशी आहेस?"

ती टॅक्सी करून आली. डोसे बांधून आणले होते. मला वाटलं, आता ऑफिसातला आवाज निघणार आणि बागेतली सगळी जनावरं उठून उभी राहणार. तिने पुडी उघडली, चटणी सांडली का ते बघितलं आणि पाणघोड्याकडे बघत विचारलं, "हा काय करतो दिवसभर?"

"काही नाही. पाण्यात बसतो. मधे एकदा तोंड उघडतो."

"म्हणजे तुझ्यापेक्षा एकदा जास्त."

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. ती मला रडू देत डोसा खात राहिली. मग हळू आवाजात बोलायला लागली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "मी अख्खं वर्ष कॉलेजच्या जिन्याखाली डबा खाल्लाय. वाईट कोणीच वागलं नाही माझ्याशी. कोणी काही बोललंच नाही, आणि मी पण बोलले नाही. मला वाटायचं, सगळ्यांना सगळं येतंय, आपल्यालाच तेवढं येत नाही. निकाल लागला तर काय, निम्मा वर्ग माझ्या मागे! पास झाल्याचा आनंद कुठला, मला रागच आला. अगं, ती सगळी पोरं माझ्यासारखीच गप्प बसलेली होती. कोणीतरी बोलायचं ना." तिने कागदाचा बोळा केला. "तुझं वर्ष मी असं जाऊ देणार नाही. उद्या मी येते."

आणि खरंच आली. वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये, उघड्या दारातून मला दिसेल अशा बाकावर, जांभळी साडी नेसून बसली. सर थबकले. "येस, मॅडम?" आत्या ऑफिसच्या थाटात म्हणाली, "कॅरी ऑन, सर." सरांनी बिचाऱ्यांनी खरंच कॅरी ऑन केलं. त्यांनी फळा भरला, 'ओके?' म्हणाले, आणि मी हात वर केला. मे महिन्यात मी इंग्रजीतून घोटलेलं वाक्य कुठे गेलं देव जाणे. तोंडातून निघालं ते मराठीच. "सर, मला समजलं नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सरांनी विचारलं, "विच पार्ट?" मी खरं ते सांगून टाकलं, "ऑल, सर." आता वर्ग उघडउघड हसला, आणि त्या हसण्यातच खिडकीजवळून एक आवाज आला, "मी टू, सर." कुलाब्याची पारशी मुलगी होती, माझ्या मते वर्गातली सगळ्यात हुशार. तिच्यामागून आणखी एक जण बोलला, मग आणखी एक. सरांनी डस्टर उचललं आणि अख्खा फळा पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. मी दाराकडे बघितलं तर बाक रिकामा होता. आत्या वाट बघत थांबलीच नव्हती. ती पारशी मुलगी आणि मी अजून महिन्यातून एकदा भेटतो. मी आता स्वतःच फिजिक्स शिकवते, आणि 'ओके?' असं चुकूनही म्हणत नाही.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माणसं पांगली, आत्या वडाळ्याच्या एका टॉवरमध्ये राहायला गेली. निकाल लागतो, पण हल्लीच्या पोरांना कुठल्या कॉलेजात काय हे फोनवरच दिसतं, आणि नव्या शेजाऱ्यांची दारं बंद असतात. परवा तिच्याकडे गेले तर ती खिडकीचं ग्रिल धरून उभी होती. समोरच कॉलेज आहे. सुटण्याची वेळ झाली होती, पोरांचे घोळके बाहेर पडत होते.

"यातलं नवीन कोण, ओळख बघू," ती म्हणाली. मला येईना. "ती बघ. निळ्या ओढणीची. भिंतीच्या कडेकडेने चाललीय."

मुलगी एकटीच गेटपर्यंत आली. आत्याची ग्रिलवरची बोटं घट्ट झाली. तेवढ्यात मुलगी थांबली, वळून मागे बघितलं, आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली.

"कोणीतरी हाक मारली तिला," आत्या म्हणाली.

इतक्या उंचावर हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हो, मलाही ऐकू आली."